पाय न टेकता

सिंधूची सायकल सरकारी होती. ग्रामसेविका म्हणून मिळालेली, हिरवी, मधला दांडा नसलेली. पाच वर्षं ती तिच्यावरून गावोगाव परसबागा नि निर्धूर चुली समजावत हिंडत होती, त्यामुळे बाई सायकलवर बसते याचं मलकापूरकडे आता कुणाला नवल उरलं नव्हतं. पण मार्गशीर्षातल्या त्या रविवारी ती सरकारी कामाला निघाली नव्हती.

मलकापूरच्या शिक्षकमंडळींनी ठरवलं होतं, की सायकलींनी खामगावपर्यंत जायचं, वाटेतल्या गावांनी ओंजळ ओंजळ कापूस द्यायचा आणि खामगावात बाळंतिणींसाठी नव्या बांधलेल्या खोल्यांना त्याच्या गाद्या भरून द्यायच्या. प्रत्येकानं आपल्या गेलेल्या माणसाचं नाव पुठ्ठ्यावर लिहून हँडलला बांधलं होतं. सिंधूच्या पुठ्ठ्यावर होतं : शालू.

शालू तिची थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी पहिल्याच बाळंतपणात गेली. दवाखान्यात शेवटचे दोन दिवस ती लोखंडी खाटेच्या उघड्या पट्ट्यांवर पडून होती आणि एवढंच म्हणत होती, की पाठीखाली काही तरी घाला. ते सिंधूच्या कानातून जात नव्हतं. तिला एकच हवं होतं, एक तरी गादी शालूच्या सासरच्या शेतातल्या कापसाची व्हावी. पण तेव्हा चूक कुणाची यावरून दोन्हीकडून नको ते शब्द गेले होते आणि मग बोलणंच थांबलं होतं. तरी चार दिवसांपूर्वी तिनं मन घट्ट करून त्यांच्याकडे कापसासाठी निरोप पाठवला होता. उत्तर आलं नव्हतं.

शालूचं सासर नांदुऱ्याच्या अलीकडे, सडकेला लागूनच. सिंधू तिथं पोचली तेव्हा बाकीचे सायकलवाले पुढे गेले होते. वाटेत देऊळ लागलं की उतरून हात जोडायचे हा तिचा रोजचा नेम, म्हणून ती मागे पडली होती.

ओट्यावर पांढऱ्याशुभ्र कापसाचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. म्हणजे निरोप पोचला होता. शालूची सासू सरस्वतीबाई ओवाळायचं ताट घेऊन उभी होती, आणि मागे दारात शालूचे यजमान महादेवराव. सिंधूनं ब्रेक दाबला, पाय खाली टेकला, आणि जमलेल्या बायांच्या नजरा तिच्या पायाकडे वळल्या.

झालं होतं असं. दिवाळीनंतर नांदुऱ्याच्या बाजारात एक माणूस सात दिवस गोल गोल सायकल चालवत राहिला होता, जमिनीला पाय न लावता. सारं गाव बघून आलं होतं. गेलेल्या माणसाच्या नावानं सायकल चालवायची म्हणजे ती अशीच, असं सगळ्यांनी धरलं. सरस्वतीबाईनं तर तो नेमच मानला आणि सकाळपासून पाण्यावाचून काही घेतलं नव्हतं.

“तो माणूस सायकलवर बसून दाढी करे,” शेजारची पुष्पाबाई म्हणाली. “हिले इथपर्यंतबी येनं नाही झालं.”

सरस्वतीबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. “पाय आताच टेकला, का आधीबी?”

सिंधूला वाटलं, आताच म्हणावं. गाठोडं हाताच्या अंतरावर होतं.

“आधीबी टेकला, मावशी. सात वेळा.”

“कोणी पाह्यलं होतं?”

“म्याच पाह्यलं.”

सोळा सोमवारांत एक मोडला तर म्हातारी सोमवार टाकून देत नाही, पहिल्यापासून धरते, हे तिथल्या एकूणएक बाईला ठाऊक होतं. सरस्वतीबाईनं पुन्हा ताट उचललं.

“मंग पह्यल्यापासून धर,” ती म्हणाली. “शालूले दवाखान्यात आमच्या दारातून नेलं. तिचा नेमबी आमच्याच दारातून निघू दे.”

तिनं ओवाळलं. सिंधू ओट्यावर चढली आणि तिथूनच सायकलवर बसली. महादेवरावांनी आपली सायकल काढली, गाठोडं कॅरिअरला आवळलं आणि जिथं थांबावं लागेल तिथं तिची सायकल धरायला म्हणून मागे निघाले. पुढचं देऊळ आलं तेव्हा सिंधूनं बसल्या जागीच मान लववली आणि तेवढ्यावर भागवून घे म्हणून देवाला सांगितलं.

नांदुऱ्याचं रेल्वेफाटक बंद होतं. महादेवरावांनी आपली सायकल खांबाला टेकवली आणि धावत येऊन दोन्ही हातांनी तिची सायकल धरली. मालगाडी लांबलचक होती, संपता संपेना.

“दवाखान्यात नेलं त्या दिवशी बैलबंडीत म्या कापूस अंथरला होता,” ते खालमानेनं म्हणाले. “तिच्या पाठीखाली, चांगला हातभर. तो बंडीतच राह्यला. आत न्यावा हे सुचलंच नाही मले.”

गाडीचे डबे जात राहिले. शालूला बंडीतून उतरवून घेतलं होतं ते सिंधूनंच. तो कापूस तिनंही पाहिला होता.

“मलेबी नाही सुचलं, भाऊजी,” ती म्हणाली.

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

फाटक उघडलं. बैलगाड्या हलल्या. महादेवरावांनी सायकल ढकलत चार पावलं तिच्याबरोबर धाव घेतली, तिचा तोल सावरेपर्यंत.

“हान आता,” ते म्हणाले. “खामगावपर्यंत धरतो मी.”

आणि गाठोड्याची सायकल घ्यायला ते माघारी पळाले.