अंगावर पाज

मिचियो अंगणात उडत्या माशांची पोटं साफ करत बसली होती आणि आत वीस दिवसांची तान्ही भुकेने कोकलत होती. हात धुऊन ती स्वयंपाकघरात गेली, तर दुधाच्या पावडरीचा डबा फळीवर नव्हता.

"शोधू नकोस, समुद्रात टाकला," सासू म्हणाली. "तोरियामाबाई येतायत. त्यांच्यासमोर पोरीला अंगावर पाजायचं."

"आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुम्ही ऐकलंय."

"डॉक्टर काय, आज आहे, उद्या बदली. मला या गल्लीत मरायचंय."

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते एवढंच. गरोदरपणातल्या तपासणीत मिचियोच्या रक्तात एक विषाणू सापडला होता. बहुतेकांना तो जन्मभर काही करत नाही. पण काही जणांना उतारवयात रक्ताचा कॅन्सर होतो, काहींचे पाय ताठरून जातात. आईच्या दुधातून तो बाळाला लागतो, म्हणून बाटली. इतकी साधी गोष्ट! पण सासूला, सुगाएबाईंना, ती पचणार कशी? त्यांची आई शेवटची नऊ वर्षं रांगत न्हाणीत जायची आणि घरात त्याला 'संधिवात' म्हणायचे. भाऊ चाळिशीत रक्ताच्या आजाराने गेला, तो 'दारूने'. खोटं बोलण्यात या घराचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आणि आता धाकट्या नणंदेचं, कानाएचं, लग्न ठरत होतं. जपानच्या या गोतो बेटांवर लग्नाआधी मुलाकडचं माणूस मुलीच्या गल्लीत फिरतं, कोणाच्या रक्तात काय आहे ते खोदून खोदून विचारतं. आज मुलाकडून तोरियामाबाई त्यासाठीच येत होत्या. सुनेच्या हातात बाटली दिसली की प्रश्न आलाच.

"पाजलं तर पाजलं, लगेच काही मरत नाही ती," सुगाए म्हणाली. "कानाएचं लग्न होईपर्यंत. नंतर हवं ते पाज."

मिचियोने नवऱ्याकडे पाहिलं. शुजी जाळ्याला गाठी मारत होता. "आई म्हणते तसं कर ना," तो मान वर न करता म्हणाला. असले नवरे घरात असण्यापेक्षा जाळ्यात असलेले बरे.

तोरियामाबाई आल्या. चहा झाला, माशांची स्तुती झाली. आत पोर किंचाळायला लागली. मिचियोची छाती दुधाने दगडासारखी झाली होती, समोरचा कपडा भिजला होता. एकदा धरलं की पोर शांत होणार आणि सासूही. तिलाही पाजायचं होतं हो, कोणत्या आईला नसतं? तिने पोरीला उचललं आणि आपणच तांदळाच्या पिंपात लपवलेला दुसरा डबा बाहेर काढला.

ती बाटली घेऊन पाहुणीसमोर येऊन बसली.

"अंगावरचं येत नाही वाटतं?" तोरियामाबाईंनी गोडसं विचारलं.

"येतं. माझ्या रक्तात विषाणू आहे, तो दुधातून जातो, म्हणून पाजत नाही."

"माहेरचं आहे ते," सुगाए घाईने म्हणाली. "आमच्याकडे असलं काही नाही."

"माझ्या आईचं रक्त तपासलं, तिच्यात नाही," मिचियो म्हणाली. "तो नवऱ्याकडूनही येतो. यांनी अजून तपासलेलं नाही."

तोरियामाबाईंची नजर शुजीवरून सुगाएवर आणि तिथून कानाएवर गेली. त्यांनी कप खाली ठेवला. "आम्ही विचार करून कळवतो," त्या म्हणाल्या आणि उठून बाहेर पडल्या. त्याचा अर्थ बेटावर पोराटोरांनाही कळतो. कानाए उठून आत गेली.

"झालं समाधान?" सुगाए म्हणाली. "माझ्या पोरीचं वाटोळं केलंस. मी दोघांनाही अंगावर वाढवलं, मी काय विष पाजलं?"

"तुम्ही पाजलंत तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, आई. त्यात तुमचा दोष नाही. आज ठाऊक आहे. आज मी पाजलं तर ते विषच."

"निघ माझ्या घरातून."

"पोरीचं पोट भरू दे. मग बघू."

बाटली संपली. पोरीला खांद्यावर घेऊन मिचियो अंगणात आली, तर तोरियामाबाई अजून फाटकापाशीच घुटमळत होत्या. आजूबाजूच्या अंगणांत बायका मासे वाळत घालत होत्या. तोरियामाबाई जवळ सरकल्या.

"ऐक गं," त्या कुजबुजल्या. "माझ्या सुनेला सातवा लागलाय. माझ्या आईचेसुद्धा शेवटी पाय असेच ताठरले होते. ती रक्ताची तपासणी कुठे करतात? आणि मी विचारलं हे कोणाला सांगू नकोस."

म्हणजे दुसऱ्याच्या पोरीचं लग्न मोडून ही बाई स्वतःच्या नातवंडाची चौकशी करत होती, आणि तीही चोरून! मिचियोच्या ओठांवर शिवी आली होती. पण त्या न जन्मलेल्या पोराने काय घोडं मारलं होतं?

"बंदरावरच्या सरकारी दवाखान्यात," ती म्हणाली. "बुधवारी, सकाळी नऊपासून."

"हळू बोल, बाई."

शेजारणींचे हात थांबले होते. त्यातल्या दोघी पोटुशा होत्या. मिचियोने पोरीला सावरून धरलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं, "बुधवारी, नऊ वाजता. मी येते सोबत."