चौघींपैकी एक

धाकट्या भावाच्या कादंबरीत एका घरातल्या चौघीजणी आळीपाळीनं बोलतात. त्यांतली एक तान्ह्या लेकीला सोडून निघून जाते आणि वर्षभरानं परत येते. कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. वाचकांनी त्यावर डोकेफोड केली. ताईला तशी गरज नव्हती. ती तीच होती.

भावानं लिहायला घेतलं तेव्हा तिनं एकच अट घातली होती, आपण कुणाला ओळखू येता कामा नये. त्यानं शब्द दिला आणि एकीच्या चौघी केल्या. पुढं नवरा गेला, सासरची जुनी माणसं गेली. लेकीला सांगितलेलं एवढंच, की आई तेव्हा नर्सिंग शिकायला परगावी होती.

रविवारी दुपारी लेक आलेली असताना एक दिग्दर्शिका दारात उभी राहिली. कादंबरीचा सिनेमा होणार, हे ताईला तेव्हा कळलं. लेक खूश झाली. "पण चौघींचं काय करणार?" तिनं विचारलं.

"पडद्यावर एकच चेहरा लागतो," दिग्दर्शिका म्हणाली. "सर म्हणाले, सोडून जाते ती माझी ताईच. म्हटलं, भेटून यावं. कशा बोलता, कशा बसता..."

पुढचं ताईला ऐकूच आलं नाही. लेकीनं हातातला कप अलगद खाली ठेवला.

पाहुणी गेल्यावर तिनं विचारलं, "मी फार रडायचे का गं?"

"मला काय माहीत," ताई म्हणाली. "मी नव्हतेच ना."

लेक पर्स उचलून आपल्या घरी गेली.

ताईनं भावाला फोन लावला.

"अगं, इतकी वर्षं झाली. मला वाटलं, तिला ठाऊक असेल," तो म्हणाला. "आणि नाव कुठं येतंय तुझं?"

"वाटलं? मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

एवढं मात्र तो खरं बोलला. ताईनं फोन ठेवला. तिच्या पाठीवर वाढलेला हा पोरगा; त्याच्या तापात तिनं रात्री जागून काढल्या होत्या.

सिनेमा आला, गाजला. भावानं पास पाठवले, ते तिनं परत केले. तो दोनदा घरी आला; तिनं दार उघडलं नाही. लेक मात्र महिन्याभरानं आली. कादंबरीचा विषय तिनं काढला नाही. स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायला बसली, आणि अर्धी चिरून झाल्यावर म्हणाली, "सांग आता. पहिल्यापासून."