पास्कोंच्या लाइनीचा कॉक

"क्लेम, पान्याला जोरच न्हाई रं! डोक्याला साबन लावायचा अन् डोळं मिटून थेंबाची वाट बघत बसायचं. मी काय आंघूळ करती का तपश्चर्या?"

कुंपणाच्या तारेपलीकडून थेल्मा पास्को ओरडत होती. आमच्या दोन घरांत मिळून बोअर एकच. बोअर नि पंप माझ्या रानात, म्हणून निगाही माझ्याकडे. पंप ज्याच्या रानात, त्याच्या फाटकातून आत शिरून दुसऱ्याने बोअरचं झाकण उचलायचं नाही, ही इथली रीत. उचललं तर त्याला चोर म्हटल्यासारखं होतं.

"लेक म्हनतीया, घर इकून टाक, ॲडलेडला चल. पान्यावाचून एकली म्हातारी कशी ऱ्हानार? सोमवारी न्यायला येतीया."

"बघतो मी आजच," मी म्हणालो, पण तिच्याकडे बघवेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. काय बिघडलंय ते मला पक्कं ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात माझ्या मेंढ्या हौदाशी जिभा काढून उभ्या होत्या. भर दुपारी बोअरचं झाकण उचलून मी आतला पास्कोंच्या लाइनीचा कॉक पाऊण बंद केला. दोन दिवसांपुरता. मग पाऊस झाला, मेंढ्या हिरव्यावर गेल्या आणि मी विसरलो. हे खरं आहे, आणि पुढचंही खरं आहे. थेल्माचा नवरा आयव्हर, सत्तरीचा गडी, आपली पाइप कुठं तुंबली म्हणून कुदळ घेऊन चर खणायला लागला, तेव्हा मला आठवलं. चुनखडीच्या रानात तीनशे पावलं खणली त्याने. मीही दोन दिवस त्याच्याबरोबर कुदळ मारली, निर्लज्जासारखी. संध्याकाळी गुपचूप कॉक फिरवायला गेलो, तर तो गंजून बसलेला. बदलायचा तर पंप बंद करावा लागणार, आयव्हर 'काय झालं?' म्हणून विचारणार. उद्या बघू म्हटलं. गेल्या हिवाळ्यात आयव्हर गेला.

उत्तरेचा तापलेला वारा तोंडावर माती फेकत होता. मी जुना कॉक कापून काढला, नवा बसवला. तासाभराचं काम! तीन वर्षं मला तेवढा तास सापडला नव्हता.

पंप चालू करून थेल्माकडे गेलो. नळ पुरता सोडून ती निम्मी भिजली होती आणि पोरीसारखी हसत होती.

"काय जोर हाय गं बया! गुनाचा रं तू, क्लेम. बस, पेस्टी खा, गरम हाय."

खिमा-बटाटा भरलेली ती भाजकी करंजी मी हातात घेतली.

"आयव्हर शेवटपातूर म्हनायचा, 'थेल्मा, पाइप माझ्याच हातानं वाकडी बसली. तुझं हाल केलं मी.' दवाखान्यात बी त्येच. व्हय रं, बिघडलं तरी काय व्हतं?"

गाळ होता म्हटलं असतं तर सुटलो असतो. मी खिशातून जुना कॉक काढून टेबलावर ठेवला.

"ह्यो. दुष्काळात मीच बंद केला. आयव्हर खनत व्हता, तवा बी मला ठावं व्हतं."

थेल्माने तो कॉक हातात घेऊन पाहिला. मग उठून तिने नळ बंद केला.

"पेस्टी ठिव खाली."

मी ठेवली.

"मी म्हनलं व्हतं त्याला, जा, क्लेमच्या बोअरचं झाकन उचलून बघ. तर माझ्यावरच खेकसला. 'शेजाऱ्यावर संशय घिऊ व्हय?'"

ती आत गेली आणि एक पोचे पडलेली बादली घेऊन आली.

"हिनं पानी वाहून त्याला आंघूळ घातली मी. आता तू वाहा. त्याच्या थडग्यावरला गुलाब वाळतोय. रोज सकाळी एक बादली. गाडीनं न्हाई, पायी. अन् त्याला सांग, पाइप सरळच व्हती म्हनून."

सोमवारी लेक आली आणि एकटीच परत गेली.

दफनभूमी दीड मैलावर आहे. मी रोज जातो, पाणी घालतो, सांगायचं ते सांगतो. येताना बादली थेल्माच्या फाटकाबाहेर ठेवतो. सकाळी ती माझ्या फाटकाच्या आत, बोअरच्या झाकणावर ठेवलेली असते.