सड्याचं वजन

"आजपासून या घरात कोणाचेच कष्ट फुकट जाणार नाईत," बबनरावांनी ओसरीवरून जाहीर केलं.

"पाय वर घ्या जी," आनंदाबाई म्हणाल्या. त्या ओसरी झाडत होत्या. बबनरावांनी पाय वर घेतले आणि घोषणा पुढे चालू ठेवली.

प्रश्न त्यांच्या अकरा वर्षांच्या लेकीचा, नलूचा होता. आष्टीच्या बाजारात तिनं लाल प्लॅस्टिकची पर्स हेरून ठेवली होती, आणि अंगण रोज आपणच झाडतो तर आपल्याला काही मिळायला नको का, असं तिचं म्हणणं होतं. बबनरावांना ते पटलं. पण ते पडले जिनात कापूस तोलणारे काटेवाले. त्यांच्या लेखी जे काट्यावर चढतं त्यालाच भाव. त्यांनी कचऱ्याचा दर ठरवला, किलोला दहा पैसे, आणि ओसरीच्या वाशाला काटा टांगला.

पहिल्या दिवशी कचरा पावशेर भरला. आठवड्याभरात तो टोपल्यांनी येऊ लागला. शेजारच्या देवकाबाईंचं अंगण आरशासारखं झालं. अशी सून मिळावी म्हणून त्या देवाला हात जोडू लागल्या.

बबनरावांना संशय आला. कापसाची आवळतात तशी त्यांनी कचऱ्याची मूठ आवळली. ओल लागली. पाणी मारलेल्या कापसानं त्यांना आजवर फसवलं नव्हतं.

"पाणी मारलं तुनं," ते दुःखानं म्हणाले.

"सडा टाकला," नलू म्हणाली.

"सडा झाडल्यावर टाकतेत."

"मंग धूळ उडते. देवकाबाईले दमा हाय. उडू देऊ?"

पाण्याचे पैसे कापावेत तर देवकाबाईंचा दमा आडवा येत होता. न कापावेत तर काट्याची अब्रू जात होती. भाकरी खाताना बबनरावांनी विचार केला, हात धुताना निकाल दिला. वजन बंद. दर बाजाराला नलूला एक रुपया, कचरा निघो न निघो. नलूनं बोटांवर पर्सचा हिशोब केला आणि संमती दिली. बबनरावांनी काटा उतरवला. न्याय झाला होता, आणि तो आपल्या हातून झाला होता. ते ओसरीवर ऐसपैस बसले.

अंगणाच्या कोपऱ्यात आठवड्याभराचा मोजलेला कचरा तसाच पडून होता. दर झाडण्याचा ठरला होता. फेकण्याचा कोणी ठरवलाच नव्हता. ढिगावर देवकाबाईंचं कुत्रं निवांत झोपलं होतं.

"घमेलं न्हाणीपाशी हाय," आनंदाबाई म्हणाल्या. "तेवढा ढीग उकिरड्यावर टाकून या जी."