मोजणारा हात

श्रीकांत मुतालिकांचा हात त्यांच्या बायकोने चारचौघांत पहिल्यांदा धरला तो लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर, आणि तोही डॉक्टरांच्या हुकमावरून.

बसवनगुडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत हात धरायला सवडच नव्हती. एका खोलीत सासूबाई अंबूबाई, जपमाळ ओढता ओढता सगळ्यांवर डोळा ठेवून. दुसरीत मुलांचे अभ्यास. प्रेमा नवऱ्याला पाण्याचा तांब्यासुद्धा जमिनीवर ठेवून द्यायची. बेळगावकडचं हे वळण बेंगळुरात येऊनही सुटलं नव्हतं.

मग बासष्ट साली श्रीकांतांना हृदयविकाराचा झटका आला. दुखण्यातून उठल्यावर डॉक्टर हयवदन रावांनी सांगितलं, रोज थोडं चाला, मध्येमध्ये नाडी मोजा, शंभराच्या वर गेली की बसा. लालबागेतल्या खडकावर धाप न लागता चढलात की कामावर जायला मोकळे. आता नाडी मोजायला सेकंदकाटा हवा. श्रीकांतांच्या जुन्या मनगटी घड्याळाचा काटा कधीच गळून पडला होता. राहता राहिलं घरातलं गजराचं टाइमपीस. प्रेमाने ते पिशवीत घातलं आणि नवऱ्याबरोबर लालबागेत जाऊ लागली.

बाकावर बसायचं, टाइमपीस मांडीवर, दोन बोटं त्यांच्या मनगटावर. एकदा पिशवीतच गजर वाजला आणि फुलं बघायला आलेलं अख्खं कुटुंब दचकून वळलं. श्रीकांत ओशाळले, प्रेमाला हसू आवरेना. खोटं कशाला बोला, नवऱ्याचं दुखणं हेच तिचं सुख होऊन बसलं होतं, आणि त्याची तिला लाजही वाटे. सकाळी देवापुढे ती म्हणे, यांना लवकर बरं वाटू दे. आणि मग दिवसभर संध्याकाळची वाट बघे.

पण नाडी ऐकेना. सपाटीवर चाललं तरी प्रेमाच्या बोटांखाली ती शंभराच्या वरच. श्रीकांत विमानांच्या कारखान्यात मापं तपासायचे. केसाएवढी चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"तुझं मोजणं चुकतंय," ते म्हणाले.

"शंभरापर्यंतचे आकडे येतात मला," प्रेमा म्हणाली.

भांडण डॉक्टरांकडे गेलं. त्यांनी श्रीकांतांचं डावं मनगट धरून नाडी मोजली. मग ते न सोडताच प्रेमाला उजवं धरायला सांगितलं. दोघंही मोजू लागली. थोड्याच वेळात डॉक्टरांच्या मिशीत हसू आलं.

"अम्मा, तुमचं मोजणं सरी, बरोबर आहे," ते आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले. "तुम्ही हात धरला की नाडीच वाढते. सेकंदकाट्याचं चांगलं घड्याळ घ्या. यांनी स्वतः मोजावं."

श्रीकांत खिडकीबाहेर बघू लागले. "आमच्या कारखान्यातही असंच," ते घाईघाईने म्हणाले. "पोलादी माप हातात धरलं की उबेने वाढतं. हात न लावता ठेवून द्यायचं असतं ते."

अठरा वर्षं चारचौघांत हात न लावलेल्या माणसाने हे सांगावं! प्रेमाचे कान तापले. तिला आनंदाने रडावं की रागाने, तेच कळेना. आपल्या हाताने या माणसाचं काळीज अजून उडतं, हे कळलं तेच मुळी हात काढून घ्यायच्या वेळी.

अव्हेन्यू रोडवरच्या दुकानात श्रीकांतांनी दुकानदार गुरुराज शेट्टींना घामच फोडला. एका घड्याळाचा सेकंदकाटा खालच्या छोट्या गोलात, तो चालताना दिसायचा नाही. दुसऱ्याच्या काचेवर चकाकी. तिसऱ्याला मधोमध लांब लाल काटा होता. ते त्यांनी कानाशी धरून, मग उन्हात, मग हात झुलवून बघितलं. प्रेमाने तेवढ्यात काचेखालचं एक नाजूक बायकी घड्याळ दाखवलं. त्यालाही सेकंदकाटा होता.

"हे माझ्या मनगटावर बसेल," ती हळूच म्हणाली. "मीच मोजत जाईन. माझ्या हाताने जेवढी वाढते, तेवढी वजा करा."

श्रीकांतांनी खरोखरच विचार केला. हाडाचाच तपासनीस तो. "वजा करायला ती दर वेळी सारखीच वाढायला हवी," ते म्हणाले. "तसा भरवसा नाही." आणि त्यांनी लाल काट्याचं घड्याळ बांधायला सांगितलं.

त्यानंतर नाडी शहाण्यासारखी वागू लागली. श्रीकांत चालत, थांबत, स्वतःचं मनगट स्वतःच धरत आणि समाधानाने मान हलवत. प्रेमा शेजारी बसून त्या लाल काट्याकडे सवतीकडे बघावं तशी बघे. रिकामी बोटं तिने पदरात गुंडाळून घेतलेली असत. तिला त्यांचा हात हवा होता, दुसरं काही नको होतं, आणि हे सांगायचं कुणाला?

"घड्याळ आलंय की आता," अंबूबाई म्हणाल्या. "तू कशाला जातीस गं मागनं? भाकऱ्या कोण करणार?"

खडक चढायच्या दिवशी मात्र ती हट्टाने गेली. श्रीकांत सावकाश वर चढले, बसले, काट्यावर नजर ठेवून नाडी मोजली आणि लहान मुलासारखे हसले. "नव्वदसुद्धा नाही! सोमवारी कामावर."

प्रेमाला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. आणि पाठोपाठ पुढचं ध्यानात आलं. सोमवारपासून कारखान्याची बस, लालबाग बंद, पुन्हा तांब्या जमिनीवर.

"अहो," ती म्हणाली, "मला तुमचा हात धरायचाय. मोजायला नव्हे."

श्रीकांत दचकले. आसपास शेंगा खात बसलेली माणसं होती, त्यांत मुलांच्या शाळेतले एक मास्तरही होते. श्रीकांतांनी मास्तरांकडे चोरून बघितलं. प्रेमाला वाटलं, बोलले ही चूकच झाली. ती उठणार एवढ्यात त्यांनी आपला हात दोघांच्या मध्ये खडकावर ठेवला, तळवा वर करून.

तिने तो हातात घेतला. मास्तरांनी बघितलं आणि तोंड फिरवलं. श्रीकांतांनी हात काढला नाही. थोड्या वेळाने सवयीने तिची दोन बोटं त्यांच्या मनगटाकडे सरकली.

"मोजू नकोस," समोर बघत ते म्हणाले. "वाढलेलीच असणार."