मैनेच्या पायातले बूट

मनमोहनराव मानकरांनी डिसेंबरातच गुणाजी घाडीला सांगून टाकलं, की एक जानेवारीपासून घोडीचं सगळं दौलत बघेल.

“तुझं वय झालं, गुणाजी. महिनाभर तबेल्यावरच्या खोलीत राहा, मग बायकोला घेऊन गावाला जा. आणि एक ध्यानात ठेव. दौलतच्या कामात लुडबूड करायची नाही. घोडीला हात लावायचा नाही.”

“होय, भाऊसाहेब,” गुणाजी म्हणाला.

वरळीच्या त्या बंगल्यात त्याने सव्वीस वर्षं घोडे सांभाळले होते. एके काळी तबेल्यात पाच जनावरं होती, आता एकटी मैना उरली होती. तांबूस रंगाची, रेसमधून बाद झालेली. तिच्या पुढच्या डाव्या पायाची शीर दुखावली होती आणि पूर्वीच्या कुणा मालकाने उपाय म्हणून तिथे तापल्या सळईचे डाग दिले होते. डागांवरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ राहिली होती. गुणाजी चार वर्षं त्या पायाला रोज तेल चोळत आला होता.

दौलत त्याच्याच गावचा, पंचविशीचा गडी. गुणाजीनेच त्याला मुंबईत आणलं, भाऊसाहेबांपुढे उभं केलं, खरारा कसा करायचा इथपासून सगळं शिकवलं. तो डिलाईल रोडला थोरल्या भावाकडे राहायचा. आणि जानेवारी उजाडून दहा दिवस होतात न होतात तोच दौलतच्या पावलांच्या आवाजाला मैना खिंकाळायला लागली. वर खोलीत बसलेल्या गुणाजीने ते ऐकलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

मैनेला एक खोड होती. बंगल्यामागे कुंपण घातलेल्या वाळूच्या आवारात मोकळी सोडली की ती भिंतीपर्यंत सुसाट जायची आणि गर्रकन वळायची. वळताना मागचा खूर पुढच्या टाचेवर बसायचा, रक्त यायचं. म्हणून भाऊसाहेबांनी लष्कराच्या लिलावातून घोड्याच्या पायात घालायच्या बुटांची पेटी आणली. “यातले ठीक वाटतील ते घाल,” असं दौलतला सांगून ते गिरगावात भावाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलत पेटी घेऊन जिन्याखाली उभा राहिला. आदल्या रात्री रेडिओवर मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं होतं. त्याचे डोळे जागरणाने लाल होते.

“काकानू, यातले खंयचे घालू?”

गुणाजी खाली आला. पेटीत तीन तऱ्हेचे बूट होते. खुरावर बसणारी रबराची टोपरी, कॅनव्हासचे आखूड बूट, आणि आतून लोकरीचा जाड नमदा लावलेले, तीन-तीन बकलांचे जाड चामड्याचे. गुणाजीला एका नजरेत कळलं. टाच वाचवायची तर टोपरी पुरे. चामडं त्या डागांवर गेलं की घामाने तापणार, वाळू आत शिरणार, कातडी सोलवटणार.

“चामड्याचे घाल,” तो म्हणाला.

“डाव्या पायाकय?”

“त्याच पायाक तर हवे. आणि घट्ट आवळ. आत बोट जावक नको.”

“कधी काढू?”

“सांजेक.”

दौलतने मान हलवली आणि बूट चढवले. काकांच्या शब्दावर शंका घ्यायची त्याला सवयच नव्हती. मैना कुंपणात दोन फेऱ्या धावली, मग चालू लागली, मग उभी राहिली.

दुपारी कुणी तरी सांगत आलं, की डिलाईल रोडला गोळीबार झाला. दौलतचं तोंड पांढरंफटक पडलं. “काकानू, भावाक बघून येतंय. एवढ्यात येतंय,” म्हणत तो फाटकाबाहेर पळाला. तो गेला आणि तासाभरात कर्फ्यू लागला.

संध्याकाळी गुणाजी कुंपणात गेला. मैना तीन पायांवर भार देऊन उभी होती. त्याला पाहून तिने मान त्याच्या खांद्यावर टाकली. त्याने तिला हळूहळू तबेल्यात आणलं, पाणी दाखवलं, भिजवलेले हरभरे टाकले. मग खाली वाकला. बुटाच्या वरच्या काठाशी पाय फुगला होता. हात लावला तर चटका बसावा इतका गरम.

त्याची बोटं पहिल्या बकलावर गेली. पट्टा अर्धा सुटलादेखील. आता काढले तर थंड पाण्याच्या पट्ट्यांनी चार दिवसांत सूज उतरेल, एवढं त्याला ठाऊक होतं. दौलतला भाऊसाहेब दोन शब्द बोलतील आणि पुन्हा मैना दौलतचीच.

गुणाजीने पट्टा पुन्हा होता तिथे ओढून लावला आणि जिना चढून वर आला.

त्याची बायको रखमा चुलीशी भाकऱ्या थापत होती. खालून लाकडी फळीवर खूर आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा.

“अवो, ती पाय आपटताहा.”

“डास असतले.”

“बूट काढलास मां तिचे?”

“माका हात लावूक नको म्हणान सांगितलांहा.”

रखमा पिठाच्या हातांनी उठली. “मग मी काढतंय.”

गुणाजी दारात आडवा उभा राहिला. “बस खाली.”

लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिला सगळं समजलं. ती चुलीशी परत आली. तव्यावरची भाकरी करपली होती.

दौलत दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आला. भाऊ सुखरूप होता. बूट काढताना डागांवरची कातडी नमद्याबरोबर निघाली. मैना ओरडली नाही, नुसती थरथरत राहिली. दौलत रडत रडत गुणाजीच्या पायांशी बसला. “माझा चुकला, काकानू. तुमी सांजेक काढ म्हणालास. मी इलंय नाय.”

“होणारां होता,” गुणाजी म्हणाला.

तीन दिवसांनी भाऊसाहेब आले, सोबत घोड्यांचे डॉक्टर. पू आतल्या दुखऱ्या शिरेपर्यंत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, पाय वाचणार नाही. भाऊसाहेबांनी गुणाजीला विचारलं, “तू इथेच होतास ना? तुझ्या लक्षात नाही आलं?”

“भाऊसाहेब, तुमचाच हुकूम होता, हात लावायचा नाही. पाणी दाखवलं, हरभरे दिले.”

भाऊसाहेबांनी पेटीतला चामड्याचा बूट पायाने बाजूला सारला. मग दौलतकडे वळून म्हणाले, “उद्या सकाळी तिला कुंपणात गोळी घालतील. दोर तू धरायचास. मग तोंड काळं कर.”

दौलतने दोर धरला. गुणाजी बाजूलाच उभा होता.

रखमा त्याच आठवड्यात मालवणच्या बोटीने एकटी निघाली. भाऊच्या धक्क्यावर गुणाजीने तिच्या हातात गाठोडं दिलं. ते तिने घेतलं आणि बोटीची शिडी चढून गेली. मार्चमध्ये भाऊसाहेबांनी नवा घोडा घेतला आणि म्हणाले, “तुला उगाच काढत होतो, गुणाजी. घोडी तुझ्याकडे असती तर हे झालं नसतं.” वरची खोली गुणाजीकडेच राहिली.

दौलत गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. गणपतीला गावी जाऊन आला तेव्हा तो पिशवीत नारळ आणि खाजं घेऊन वरळीला आला.

“काकी भेटली. माका बघून रडाक लागली.”

गुणाजीचा घोड्याच्या पाठीवरचा हात थांबला. “कित्याक?”

“काय सांगूक नाय तिणा. नुसती माझ्या तोंडावरसून हात फिरवीत रवली.”

गुणाजीचा जीव भांड्यात पडला. त्याने दौलतला चहा दिला, गिरणीतल्या पाळ्यांची चौकशी केली. निघताना दौलत पाया पडला.

“बरां होतलां तुझां,” गुणाजी म्हणाला आणि बादली उचलून नळाकडे गेला.