फाटकातली चिलखती गाडी

औशाच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, अश्वजित बनसोडे यांचं शेत आहे. त्यांची सगळी नोकरी फौजेत, चिलखती गाड्या चालवण्यात गेली. निवृत्त होऊन आलेला माणूस ट्रॅक्टर घेतो. अश्वजितनी भंगारवाल्याच्या अंगणात पडलेली, इंजिन गंजलेली, चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी अशीच एक गाडी ट्रेलरवर घालून घरी आणली.

गावानं तिचं नाव रणगाडा ठेवलं.

"रणगाडा न्हाई, चिलखती गाडी हाय," अश्वजित प्रत्येकाला सांगत. "जवान बसवून न्यायची. तोफ कुठं दिसायली का तुला?"

लोक मान डोलावून "हाव, हाव" म्हणत आणि पुढच्या वाक्यात पुन्हा रणगाडाच म्हणत.

गाडी चालती करायला काही वर्षं गेली. पाने, पहार, ग्रीसगन सगळं त्यांची मुलगी बुद्धप्रिया हिच्या हातात असायचं. या गाडीला स्टिअरिंग नाही, दोन दांड्या आहेत. डावी ओढली की डावा पट्टा थांबतो आणि गाडी डावीकडे वळते. बुद्धप्रिया तिला हळुवार वळवी. अश्वजितना मात्र एक दांडी पुरती ओढून गाडी जागच्या जागी गरकन फिरवायचा नाद होता.

बुद्धप्रियाचं लग्न उमरीच्या आनंदराजशी ठरलं. तो नांदेडला तहसील कार्यालयात होता. बुद्धप्रियानं एकच अट घातली, लग्नाला जाईन ती आपल्या गाडीतून.

"पांढरी साडी नेसून त्या ग्रीसच्या डब्यात बसणार तू?" तिची आई महामाया म्हणाली.

"वरून कामाची डांगरी घालते की, आई."

आनंदराजचे वडील नरसिंगराव एसटीत कंडक्टर होते. त्यांना ही गोष्ट मुळीच आवडली नाही. फोनवर ते म्हणाले, "व्याही, पोरगी मोटारीत येऊ द्या, बैलगाडीत येऊ द्या. ज्या गाडीला परमिट न्हाई, तिच्यात सून कशी काय बसवायलात तुम्ही?"

अश्वजितनी सांगितलं की वाट सगळी शेतातून आहे, मधे फक्त एक डांबरी रस्ता ओलांडायचा आहे. नरसिंगराव हं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

लग्नाच्या सकाळी बुद्धप्रियाला बसवून अश्वजित गाडी घेऊन निघाले. डांबर खरवडू नये म्हणून रस्त्यावर ट्रकचे जुने टायर अंथरले होते. त्यांच्यावरून गाडी पलीकडे गेली, रस्त्याला ओरखडा नाही. पलीकडेच मन्मथअप्पांचं मंगल कार्यालय. अप्पांनी फाटक सताड उघडून ठेवलं होतं. दोन्ही खांबांना वीतभर जागा सोडून गाडी आत शिरायला लागली.

"बाबा, सरळ घ्या. डावा पट्टा ढिला हाय," आतून बुद्धप्रियानं सांगितलं.

अश्वजितना समोर फोटोग्राफर दिसला. फोटोत गाडी जरा तिरकी बरी दिसेल असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी दांडी ओढली. खडखड आवाज झाला. डावा पट्टा पुढच्या दातेरी चाकावरून उतरला आणि गाडी जागच्या जागी थांबली, तोंड अंगणात, मागचा भाग रस्त्यावर, खांबांच्या मधोमध. बाजूनं लेकरूसुद्धा आत जाणार नाही अशी.

तेवढ्यात उमरीची बस आली.

फाटक एकच होतं. मागच्या बाजूला विहीर आणि काटेरी तार. मन्मथअप्पांनी खांबाला हात लावून पाहिला. "अश्वजितराव, भटजी असो का भंते, माणूस आत तर आला पाहिजे," ते म्हणाले.

बुद्धप्रियानं साडी गुडघ्यापर्यंत खोचली, वरून डांगरी चढवली आणि पुढच्या झाकणातून अंगणात उतरली. आधीच कार्यालयात आलेल्या महामायानं दोरीवरचे कपड्याचे चिमटे आणून तिचा पदर पाठीशी अडकवला. मग तिनं नवऱ्याकडे एकदा बघितलं. अश्वजित पाना शोधायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

बाहेर नरसिंगराव गाडीच्या मागं उभे राहिले. मागं दोन दारं होती, आत बाकडी होती, आणि त्यापलीकडे छताच्या उघड्या झाकणातून उजेड येत होता. त्यांनी आत डोकं घालून पाहिलं. मग कोट काढून बायकोच्या, पार्वतीबाईंच्या हातात दिला.

"मागून चढायचं, पुढून उतरायचं," ते वऱ्हाडाला म्हणाले. "लेकरं आधी. धक्काबुक्की न्हाई. चला, पुढं सरका, पुढं जागा हाय."

आणि उमरीचं वऱ्हाड गाडीतून आरपार जायला लागलं. मागच्या दारानं आत, बाकड्यावर पाय, छताच्या झाकणातून वर, मग गाडीच्या उतरत्या नाकाडावरून घसरत अंगणात. खाली दोघं जण झेलायला उभे. एक जाडजूड मावशी झाकणात अडकल्या, तेव्हा नरसिंगरावांनी खालून शांतपणे विचारलं, "एक पाऊल माघारी घेता का, का ढकलू?" मावशी म्हणाल्या, "ढकला." लेकरं उतरून पुन्हा मागं जायला बघत होती, त्यांना नरसिंगरावांनी दोन वेळा पकडलं.

नवरदेव आनंदराज फेटा सांभाळत उतरला, तर समोर नवरी पट्ट्याशी उकिडवी बसलेली.

"काही मदत करू का?" त्यानं विचारलं.

"पहार धरा. जोर लावायचा न्हाई, मी म्हणते तवाच दाबायचं."

त्यानं लगेच जोर लावला आणि पट्टा पुन्हा निसटला. "न्हाई म्हणले होते ना," ती म्हणाली. दुसऱ्या वेळी तो थांबला. तिनं ताणाचा बोल्ट सैल केला, अश्वजितनी इंजिन चालू करून चाक अगदी सावकाश फिरवलं, तिनं दाबा म्हटलं, त्यानं दाबलं, आणि पट्टा दातांवर बसला.

तोपर्यंत वऱ्हाड सगळं आत आलं होतं. नरसिंगराव शेवटी उतरले, घामाघूम आणि अनेक दिवसांत कुणी पाहिले नव्हते इतके खूश. "व्याही," ते म्हणाले, "एसटीत असं भरणं कधी झालं न्हाई. एक माणूस मागं राहिला न्हाई."

मुहूर्त कुणी काढलेलाच नव्हता, त्यामुळे उशिरावरून कुणी चिडलं नाही. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले. जेवणं थोडी गार झाली.

सुट्टीच्या दिवशी आता दोघं नांदेडहून येतात. बुद्धप्रियानं नवऱ्याला गाडी शिकवायला घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी तो थेट कडब्याच्या गंजीत शिरला. डोकं झाकणाबाहेर, आणि डोक्याभोवती कडबा. शेजारच्या शिवलिंगअप्पांची देवणी गाय आली आणि त्याच्या कानाजवळून खायला लागली. "हलू नका," बुद्धप्रिया शेताच्या धुऱ्यावर बसत म्हणाली, कारण हसून तिला उभं राहवत नव्हतं, "खाऊ द्या तिला."